कंपोस्टचा डबा आणि ज्येष्ठांचा श्वास
मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्याच्या खतावर बाग फुलवली. निघोज्यातील आपल्या परसातही वांगी-मेथीसाठी हे साधेल. कचऱ्याच्या प्रत्येक थरावर दुप्पट वाळलेला पाला पसरावा. दुर्गंधी सुटली, तर पाला कमी पडला असे समजावे. मात्र दमा वा मधुमेह असलेल्या ज्येष्ठांनी खत हलवताना विशेष जपावे. कोरड्या खताच्या धुळीतून बुरशीचे बीजाणू, क्वचित न्यूमोनिया घडवणारे लिजिओनेला जिवाणूही फुप्फुसांत शिरतात. म्हणून आधी पाणी शिंपडावे, मुखपट्टी बांधावी, नंतर हात साबणाने धुवावेत. डबा कट्ट्यावर ठेवल्यास वाकावेही लागत नाही. दहा-बारा दिवसांत ताप-खोकला उद्भवल्यास खत हाताळल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.