विरजणाची बदनामी

मराठीत उत्साहावर 'विरजण पडते', आणि ते पडले की सगळे संपले असे आपण समजतो. नासणे आणि विरजणे यांसाठी दोन स्वतंत्र क्रियापदे राखणाऱ्या भाषेनेच हा घोटाळा करावा, याचे आम्हांला नवल वाटते.

सिन्नरला आमच्या घरी थंडीत दह्याचे पातेले घोंगडीत गुंडाळून ठेवत. आत काय चालते ते शाळेत कळले: 'लॅक्टोबॅसिलस' नावाचा जिवाणू दुधाचे दही करतो. एकच नायक, एकच पराक्रम! आमचे वाङ्मयेतिहासही बहुधा असेच लिहिले जातात.

हकीकत निराळी आहे. योगर्टमध्ये दोन जिवाणू नांदतात, स्ट्रेप्टोकोकस थर्मोफिलस आणि लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस. (दुसऱ्याचा शोध स्तामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन संशोधकाने 1905 साली लावला.) आधी झपाट्याने वाढतो तो स्ट्रेप्टोकोकस, पण दुधातले केसीन फोडणे त्याला फारसे साधत नाही. ते लॅक्टोबॅसिलस फोडतो, आणि मोकळी झालेली अमिनो आम्ले पहिल्याच्या उपयोगी पडतात. उलट पहिल्याकडून दुसऱ्याला फॉर्मिक आम्ल, फॉलिक आम्ल आणि कार्बन डायऑक्साइड मिळतो. त्यामुळे एकेकट्यापेक्षा दोघे मिळून दूध लवकर आंबवतात. सामू 4.6च्या आसपास आला की केसीनचे कण एकमेकांना धरतात, दही लागते. याला मैत्री म्हणण्याचा मोह आम्ही टाळतो. आंबटपणा वाढत गेला की स्ट्रेप्टोकोकस मंदावतो आणि दुसरा पुढे रेटतच राहतो. घरच्या विरजणात तर लॅक्टोकोकससारखी आणखी मंडळी असतात. तिथला हिशेब याहून गुंतागुंतीचा.

आमच्या समीक्षेतला 'प्रभाव' हा शब्द मात्र एकाच दिशेचा बाण आहे. श्री. पु. भागवतांच्या संपादनाखाली 'सत्यकथे'त नवकथा वाढली. संपादकाने लेखकांना काय दिले, हे आपण वर्गात आवर्जून सांगतो. गाडगीळ-गोखल्यांच्या कथा वाचता वाचता संपादकाची जाण कशी घडत गेली असेल, हा प्रश्न कुठल्या प्रश्नपत्रिकेत आल्याचे आम्हांला आठवत नाही. एकाचे उरलेले दुसऱ्याचे अन्न होते, ही शक्यताच आपण विचारात घेत नाही.

दिवेलागणीनंतर आमच्या शेजारी कुणी विरजण देत नसे. आता पिशवीतले दही रात्रीही मिळते. त्याचेच विरजण आम्ही लावून पाहिले. डिसेंबरात तेही घोंगडी मागते.