थंडीत आजोबांच्या अंगाला तेल कोणतं?

दिवाळी उरकली की गावाकडचे कितीतरी आजी-आजोबा महिना-दोन महिने पुण्याला लेकाकडे राहायला जातात. संक्रांतीला परततात ते अंग खाजवतच. नडग्या पांढऱ्याफटक, टाचा उललेल्या. मग घरात म्हणतात, पुण्याचं पाणी बाधलं!

पाण्याला फार दोष देऊ नका. गावी चुलीवरचं पाणी बेताचं मिळतं. तिथं गीझरचं कढत पाणी हवं तितकं आणि वर साबण. त्यात डिसेंबर-जानेवारीत पुण्याचा पारा कधी कधी १० अंशांखाली उतरतो, हवाही कोरडी असते. साठीनंतर कातडीचा तेलकटपणा मुळातच आटतो. उरलासुरला साबण नेतो.

यावरचं तेल तुमच्याच शेतात पिकतं. करडईच्या नेहमीच्या वाणांच्या तेलात ७० टक्क्यांहून अधिक लिनोलिक आम्ल असतं. कातडीची ओल धरून ठेवणारा थर बांधायला शरीराला तेच लागतं. सूर्यफुलातही ते भरपूर असतं. इंग्लंडमधल्या शेफील्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली माणसांच्या हातांवर तेलं लावून पाहिल्याचं प्रसिद्ध केलं. महागड्या ऑलिव्ह तेलानं हा थर कमजोर झाला, सूर्यफुलाच्या तेलानं टिकला. खोबरेलही चांगलं. मोहरीचं तेल मात्र चुरचुरतं, ते नको. आणि तळून उरलेलं किंवा खवट तेल तर मुळीच नको, काटकसर कितीही करायची असली तरी!

आपल्याकडे आंघोळीआधी तेल चोळतात आणि मग साबणानं घासून काढतात. म्हणजे एका हातानं द्यायचं नि दुसऱ्यानं काढून घ्यायचं. त्याऐवजी कोमट पाण्यानं झटपट आंघोळ घाला, साबण काखा-जांघांपुरताच. अंग टिपून घ्या आणि ओलसर असतानाच चमचा-दोन चमचे तेल हलक्या हातानं लावा. म्हाताऱ्या माणसाची कातडी पातळ असते, रगडू नका.

तळपायांना तेल रात्री अंथरुणावर बसवूनच लावा आणि वर सुती मोजे घाला. तेलकट पायांनी फरशीवर पाय घसरला तर खुब्याचं हाड मोडतं आणि माणूस कायमचं अंथरुण धरतं. रात्री उठायची सवय असेल तर मोज्यांवर घट्ट बसणारी चप्पल हवी.

मधुमेह असेल आणि टाचेच्या भेगेतून रक्त किंवा पू दिसला, तर तेल बाजूला ठेवून डॉक्टरांकडे न्या. अंगावर काही न उठता दोन आठवडे सर्वांगाला खाज राहिली तरी दाखवा. यकृत-मूत्रपिंडाच्या दुखण्यातही अशी खाज सुटते. रात्री खाज वाढत असेल आणि नातवंडंही खाजवू लागली असतील, तर ती बहुधा खरूज. तिला औषधच लागतं, तेही घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी.