परसातल्या कोंबड्यांसाठी रातकिडे

आमच्या खांडबाऱ्याचा तालुका नवापूर. २००६ च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू इथेच आढळला आणि लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. साथीच्या दिवसांत परसातली कोंबडी कोंडून ठेवावी लागते, तिचा उकिरड्यावरचा किडा बंद होतो. अशा वेळी घरी वाढवलेले रातकिडे कामी येतात. शेतातले पकडून आम्ही घालत नाही. कपाशीवरची फवारणी किड्यातून पिलाच्या पोटात जाते.

खोल, गुळगुळीत प्लास्टिकचा डबा घ्या. झाकणाला तारेचीच जाळी लावा, प्लास्टिकची ते कुरतडतात. आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे ठेवा. खायला गव्हाचा कोंडा, गाजराचे काप. पाण्याची वाटी नको, बारके किडे बुडतात. ओला स्पंज पुरे. ओलसर वाळूच्या वाटीत मादी अंडी घालते. ती वाटी लगेच दुसऱ्या डब्यात हलवा, नाहीतर मोठे किडे अंडी फस्त करतात. ३० अंशांच्या उबेत १०-१५ दिवसांत पिलं निघतात, दीड-दोन महिन्यांत मोठी होतात.

दाणा मात्र चालूच ठेवा. आणि डबा झोपायच्या खोलीत नको. नर रात्रभर किरकिरतो!