गार्ड कोणी काढला?

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत लोखंडी कामाला आज मोठा उठाव आहे. बिबट्याच्या भीतीने पडव्यांना जाळ्या बसत आहेत, गोठ्यांना भक्कम दारे लागत आहेत. कांदाचाळी, ट्रॉल्या, बंगल्यांची फाटके यांची कामे तर बारमाही चालतात. नारायणगाव, आळेफाटा, मंचर, घोडेगाव या गावांच्या रस्त्यांवरून सायंकाळी जाणाऱ्याला दुकानादुकानांतून ठिणग्यांचे फवारे दिसतात. बिबट्याने माणूस मारला की गाव रस्त्यावर उतरते, वनखाते पिंजरे लावते, शासन वारसांना भरपाई देते. हे योग्यच आहे, आणि त्यासाठी लोकांना झगडावे लागले आहे. परंतु त्याच बिबट्यापासून रक्षण करणारी जाळी घडविताना एखाद्या पोराचा डोळा गेला, तर त्याची दखल कोण घेतो? दुकानाचा मालक दवाखान्याचे बिल भरतो, गाव ‘पोरगा बेफिकीर होता’ असे म्हणते, आणि प्रकरण मिटते.

ही बेफिकिरी कोणाची, हा आजच्या लेखाचा प्रश्न आहे.

चार इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे अकरा हजार फेरे घेतो. त्यावरील चकतीच्या कडेचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या घरात जातो. ही चकती राळेने बांधलेल्या खरीच्या कणांची असते. ती ओल धरते, जुनी झाली की कमकुवत होते, खाली पडली तर तिला न दिसणारी चीर जाते. म्हणूनच तिच्या मधल्या धातूच्या कड्यावर मुदत छापलेली असते. अशी चकती फुटली तर तिचे तुकडे माणसाकडे येऊ नयेत, यासाठी यंत्राला गार्ड दिलेला असतो. मग तो काढला का जातो? अडचणीच्या कोपऱ्यात हात पोचावा म्हणून, मोठी चकती किंवा लाकूड कापण्याचे दातेरी पाते त्याच यंत्रावर चढविता यावे म्हणून, आणि मुख्यत्वे काम लवकर उरकावे म्हणून. मोठ्या चकतीची फेऱ्यांची मर्यादा कमी असते. तिला लहान यंत्रावर पळविणे म्हणजे फुटण्याचे आमंत्रणच. दातेरी पाते लाकडात अडकले की यंत्र उसळून कामगाराच्याच अंगावर येते. अंगावर काम घेणाऱ्या दुकानात जो वेळ वाचतो तो मालकाच्या आणि गिऱ्हाइकाच्या पदरात पडतो. धोका मात्र ज्याच्या हातात यंत्र असते त्याच्या वाट्याला येतो.

आता कायदा पाहा. 1948 चा कारखाना कायदा विजेवर चालणाऱ्या जागेला दहा कामगारांपासून लागू होत असे. 2020 च्या व्यवसाय सुरक्षा संहितेने हा आकडा वीसवर नेला, आणि ती संहिता नोव्हेंबर 2025 मध्ये अमलात आली. तीन-चार माणसांचे दुकान तेव्हाही बाहेर होते आणि आजही बाहेरच आहे. 1923 च्या कायद्याने आलेला नुकसानभरपाईचा हक्क मात्र अशा दुकानातील कामगारालाही आहे. दुसरा डोळा शाबूत असताना एक डोळा गेला, तर कमाईच्या शक्तीची हानी 40 टक्के, असे कोष्टकच कायद्यात आहे. पण त्याच कायद्यात एक फटही आहे. सुरक्षिततेसाठी दिलेला गार्ड कामगाराने जाणूनबुजून काढला असेल, तर मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व सोडून अन्य इजांबद्दल मालक जबाबदारीतून सुटू शकतो. गेलेले बोट आणि गेलेला एक डोळा नेमके या फटीत सापडतात. सामाजिक सुरक्षा संहितेने ही तरतूद तशीच ठेवली आहे. तेव्हा ‘गार्ड कोणी काढला?’ या प्रश्नाच्या उत्तरावर एका कुटुंबाची भाकरी अवलंबून असते. दुकानात यंत्र आले त्या दिवसापासून गार्ड कोपऱ्यात पडलेला असेल, तर तो कामगाराने काढला असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

डोळ्याची आणि बोटाची इजा निदान दिसते. धुळीची इजा दिसत नाही. नव्या घरांतील ओट्यांसाठी ग्रॅनाइट कोरडे कापले जाते, तेव्हा सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात बसते. त्यातून होणाऱ्या सिलिकोसिसवर औषध नाही. ऑस्ट्रेलियात कामगार संघटनांनी हा प्रश्न लावून धरला आणि 1 जुलै 2024 पासून तेथे ओट्यांच्या कृत्रिम दगडावर बंदी आली. फर्निचरच्या दुकानात सँडरखाली उडणारी लाकडाची धूळही निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तिला कर्करोगकारक ठरविले आहे. तोंडाला गुंडाळलेला गमछा ही धूळ अडवीत नाही.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. या दुकानांचा मालक बहुधा भांडवलदार नसतो. कर्ज काढून दुकान घातलेला तो कालचा कारागीर असतो, आणि अनेकदा ग्राइंडर त्याच्याच हातात असतो. त्याला केवळ शत्रू मानून भागणार नाही. पण तोही गरीब आहे म्हणून हेल्परच्या डोळ्याची किंमत कमी होत नाही.

आपल्या कार्यकर्त्यांनी काय करावे? प्रथम हे ज्ञान दुकानादुकानांत पोचवावे. गार्डाशिवाय यंत्र चालवायचे नाही. चकती बदलण्यापूर्वी प्लग काढायचा. नवी चकती माणसांपासून दूर धरून मिनिटभर मोकळी फिरवून पाहायची. कापण्याच्या चकतीच्या बाजूने घासायचे नाही. डोळ्यांना बाजूंनीही बंद असणारा चष्मा हवा, कानांना बोळे हवेत, आणि सैल बाह्या व लोंबते उपरणे अंगावर नको. दगड पाण्याखाली कापायचा, पण त्यासाठीच बनविलेल्या यंत्राने, आणि वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच बसवूनच. सँडरला धूळ ओढणारी पिशवी आणि नाकाला एन-95 मुखपट्टी हवी. दुसरे, यंत्रासाठी कर्ज देणाऱ्या पतसंस्थांकडे चष्मे, मुखपट्ट्या आणि स्विच यांचा खर्च त्याच कर्जात धरण्याचा आग्रह धरावा. तिसरे, अपघात घडताच त्या दिवशीच यंत्राचे छायाचित्र घ्यावे, साक्षीदारांची नावे लिहावीत, आणि गार्ड कधीपासून नव्हता याची नोंद करावी. चौथे, लहान दुकानांनाही सुरक्षेची तपासणी आणि प्रशिक्षण मिळावे, ही मागणी शासनाकडे सतत मांडावी.

आणि आपण स्वतः गिऱ्हाईक म्हणून दुकानात जातो, तेव्हा ‘उद्या संध्याकाळपर्यंत जाळी पाहिजे’ अशी घाई करण्यापूर्वी यंत्राकडे एकदा पाहावे. गार्ड नसेल, तर तो काढणाऱ्या हातांत आपलाही एक हात असेल.