रुग्णालयातून वसतिगृहाकडे

विद्यापीठात नाव दाखल झाले म्हणजे विद्यापीठाचे दार उघडले, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ती किती अपुरी आहे, हे अमेरिकेतील बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या इतिहासावरून कळून येते. १९६२ साली तेथे एड रॉबर्ट्स नावाचा तरुण दाखल झाला. वयाच्या चौदाव्या वर्षी पोलिओने त्याचे मानेखालचे शरीर लुळे पडले होते, आणि श्वासासाठी त्यास 'लोखंडी फुप्फुस' नावाच्या अवजड यंत्रात निजावे लागे. ते यंत्र वसतिगृहात ठेवणे शक्य नव्हते. तेव्हा विद्यापीठाच्या कॉवेल रुग्णालयातच त्याची राहण्याची सोय करण्यात आली. विद्यार्थी आजारी नव्हता, परंतु त्याचा पत्ता मात्र रुग्णालयाचा!

पुढील वर्षी जॉन हेस्लर आला, मागाहून आणखी काही आले. एकट्या अपंगाची अडचण हे त्याचे दैव ठरते; तसेच दहाबारा जण एका मजल्यावर राहू लागले की ती व्यवस्थेतील उणीव आहे, हे त्यांना उमगते. या मंडळींनी 'रोलिंग क्वाड्स' असे स्वतःचीच थट्टा करणारे नाव घेतले. १९६९ च्या सुमारास एका सरकारी अधिकाऱ्याने त्यांच्यापैकी दोघांना या योजनेतून काढू पाहिले, तेव्हा सर्वांनी मिळून ते हाणून पाडले.

१९७० साली त्यांच्याच प्रयत्नाने विद्यापीठात अपंग विद्यार्थ्यांची स्वतंत्र कचेरी निघाली. हेस्लर तिचा प्रमुख झाला. तिच्या कामाकडे पाहिले म्हणजे अनुभव व सदिच्छा यांतील अंतर ध्यानात येते. चाकाच्या खुर्च्या दुरुस्त करण्याची सोय तिने प्रथम केली, कारण खुर्ची मोडली की त्या दिवसाची व्याख्याने बुडालीच. मदतनिसांची यादी ठेवली. पण कोणास नेमावयाचे, त्याने काय करावयाचे आणि न जमल्यास त्यास केव्हा रजा द्यावयाची, हे विद्यार्थ्याने ठरवावयाचे. दयाळू व्यवस्थापकास ही शेवटची गोष्ट क्वचितच सुचली असती. १९७१ मध्ये शहराच्या नगरपरिषदेने पदपथांच्या कडा उतरत्या करण्याचे काम हाती घेतले, तेही याच मंडळींच्या आग्रहामुळे. ज्या सरकारी खात्याने रॉबर्ट्सला काम करण्यास असमर्थ ठरवून मदत देण्यास आधी नकार दिला होता, त्याच खात्याचा तो पुढे संचालक झाला, हेही येथे नमूद करावयास हवे.

आपल्याकडे २०१६ च्या कायद्याने सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत लक्षणीय अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यांसाठी निदान ५ टक्के जागा राखल्या आहेत. जागा राखली, पण तिथवर जावयाचे कसे? संस्थानी अमदानीतील आमच्या महाविद्यालयांची जोती उंच आणि पायऱ्या रुंद. त्यांचे वैभव आम्हांसही प्रिय आहे. तथापि एक फूट चढावयास निदान बारा फूट लांबीचा उतार लागतो. म्हणजे चार फुटांच्या जोत्यास अठ्ठेचाळीस फूट, आणि मध्ये विसाव्याची सपाट जागा निराळी. हा हिशेब न करता कोपऱ्यात बसवलेली सिमेंटची घसरण उद्घाटनाच्या फोटोपुरतीच उपयोगी पडते. आमच्या विद्यापीठांनी नवी समिती नेमण्याआधी एवढेच करावे: नकाशावर सही होण्यापूर्वी खुर्ची वापरणारा एक विद्यार्थी आणि पांढरी काठी घेऊन चालणारा दुसरा, अशा दोघांसह अभियंत्याने प्रवेशद्वारापासून ग्रंथालयापर्यंत एक फेरी मारावी, आणि ते जेथे अडतील तेथे खडूची खूण करावी.