वर्गात आलेली पायली

जुन्या वस्तू वर्गात आणायच्या तर शोध घरच्या माळ्यापासून सुरू होतो. नागपूरजवळच्या कोराडीची ओळख आज औष्णिक वीज केंद्र आणि जगदंबेचे मंदिर अशी आहे; पण अशा गावात कंदील, जाते, पायली, अडकित्ता अजूनही सापडू शकतात. पायलीत तांदूळ भरून ते ग्रॅममध्ये तोलले की मापनाचा धडा हाताला कळतो.

सर्वांत बोलकी वस्तू म्हणजे भोकाचा पैसा. 1943 मध्ये, महायुद्धाच्या काळात, धातू वाचवण्यासाठी त्याला मधोमध भोक पाडले गेले. असे 64 पैसे म्हणजे एक रुपया. 1 एप्रिल 1957 पासून रुपयाचे 100 नवे पैसे झाले. एवढ्याशा चकतीत गणित आणि इतिहास दोन्ही मावतात. ती मुलांच्या तळहातावर ठेवावी, काचेआड नव्हे.

मात्र प्रत्येक जुनी वस्तू अशी वर्गात आणता येत नाही: शंभर वर्षांहून जुनी मूर्ती किंवा नाणे 1972 च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येऊ शकते, आणि जमिनीत सापडलेला ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. अशा वस्तू पाहण्यासाठी नागपूरचा अजब बंगला, म्हणजे 1863 चे मध्यवर्ती संग्रहालय, जवळच आहे. शिक्षकांनी मुलांना तिथे जरूर न्यावे.