‘सायको’: भीतीमागचा पैसा

भयपट म्हटला की पुरोगामी वर्तुळात नाक मुरडण्याची प्रथा आहे. भीती विकून पैसा करण्याचा धंदा, असा निकाल देऊन विषय संपविला जातो. या निकालात तथ्य नाही असे नव्हे. आल्फ्रेड हिचकॉकने १९६० साली ‘सायको’ प्रदर्शित केला, तेव्हा चित्रपट सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडायचे नाही, अशी अट त्याने चित्रपटगृहांना घातली आणि त्या अटीचीच जाहिरात केली. दूरचित्रवाणीचे तंत्रज्ञ घेऊन सुमारे ८ लाख डॉलरांत काढलेल्या या कृष्णधवल चित्रपटाने खर्चाच्या कितीतरी पट गल्ला जमविला. परंतु अशा क्लृप्त्या एका हंगामापुरत्या चालतात. शेवटचे रहस्य ठाऊक असलेला प्रेक्षक साठाहून अधिक वर्षे हा चित्रपट पुन्हा पुन्हा पाहत आला आहे. त्याचे कारण अन्यत्र शोधले पाहिजे.

न्हाणीघरातील खुनाचा प्रसंग हे ते कारण, असे सामान्यतः सांगितले जाते. त्या छोट्या प्रसंगाच्या चित्रीकरणाला ७ दिवस लागले. बर्नार्ड हरमनचे केवळ तंतुवाद्यांवर रचलेले संगीत आजही अंगावर काटा आणते. तथापि त्यापूर्वीच्या पाऊण तासात ना भूत आहे, ना रक्त. आहे तो फक्त पैसा.

मॅरियन क्रेन ही फीनिक्स शहरात घरजमिनीचे व्यवहार करणाऱ्या कचेरीतील नोकरदार स्त्री. तिचा प्रियकर सॅम वडिलांचे कर्ज आणि घटस्फोटित पत्नीची पोटगी फेडीत दुकानामागच्या खोलीत राहतो, म्हणून लग्न लांबणीवर पडलेले. त्याच दुपारी एक धनिक मुलीला लग्नात घर आंदण देण्यासाठी ४० हजार डॉलर रोख आणून मांडतो. गमावले तरी चालेल एवढेच पैसे आपण बाळगतो, अशी फुशारकी मारतो आणि कर चुकविण्याचा विनोद करतो. ज्या रकमेवाचून एकाचे काही अडत नाही, तीच दुसरीच्या संसाराची किल्ली असते. मॅरियन पैसे घेऊन पळते, आणि प्रेक्षक नकळत तिच्या बाजूने उभा राहतो.

ती पोहोचते त्या बेट्स मोटेलच्या बाराही खोल्या रिकाम्या आहेत, कारण महामार्ग दुसरीकडून गेला. १९५६ च्या कायद्याने अमेरिकेत ४१ हजार मैलांच्या महामार्गांचे जाळे विणावयास घेतले होते, आणि जुन्या रस्त्यांवरचे अनेक छोटे व्यवसाय ओस पडू लागले होते. नॉर्मन बेट्सचे वेड रस्ता वळल्यामुळे जडलेले नाही, हे खरे. परंतु त्या निर्जनतेने त्याला आडोसा दिला. खुनानंतर वर्तमानपत्रात गुंडाळलेले पैसे नॉर्मन नकळत गाडीत फेकतो आणि गाडी दलदलीत ढकलतो. बुडता बुडता ती क्षणभर थांबते, तेव्हा चोरीला सहानुभूती देणारा प्रेक्षक गाडी बुडावी म्हणून श्वास रोखतो. आपणही किती सहज सामील होतो, हे त्याला उमगते. चित्रपटाची खरी पकड येथे आहे.

दोष आहे तो शेवटात. मानसोपचारतज्ज्ञ येतो आणि सारी भीती एका आजारी मनात कोंडून टाकतो. मनोरुग्ण म्हणजे संभाव्य खुनी, हा समज अशा चित्रपटांनी दृढ केला. त्याची किंमत हिंसेशी काडीचाही संबंध नसलेले रुग्ण आणि त्यांचे कुटुंबीय मोजतात. पैशांचे काय, असे विचारले जाते तेव्हा ते दलदलीत आहेत, हे गुन्हे पैशासाठी नव्हते, असे सांगून तज्ज्ञ तो विषय मिटवितो. समाज निर्दोष सुटतो आणि प्रेक्षक निश्चिंतपणे घरी जातो.

कार्यकर्त्यांनी आक्षेप घ्यावयाचा तो या स्पष्टीकरणावर; भयपट पाहणाऱ्यांच्या अभिरुचीवर नव्हे. कर्ज, पोटगी, अडलेले लग्न, बसलेला धंदा ही भीती लोकांच्या ओळखीची आहे, म्हणूनच ते तिच्याकडे ओढले जातात. चित्रपटाचे अखेरचे दृश्य तज्ज्ञाचे नाही. साखळीने दलदलीतून ओढून काढल्या जाणाऱ्या गाडीचे ते दृश्य आहे, आणि ते ४० हजार डॉलर अजून तिच्यातच आहेत. चर्चा तेथून सुरू व्हावयास हवी.